बारा पिल्लांचा अर्थ

पाटी विद्यापीठातले डोसेंट, म्हणजे प्राध्यापकाहून एक पायरी खालचे, यारोलीम पोक्लुदा यांनी स्वतःच्या हातांनी उतरवली. शिपायाला सांगितलं असतं तर तो भर दुपारी स्टूल लावून, शीळ वाजवत वर चढला असता आणि खाली पोरांची गर्दी जमली असती. म्हणून सकाळी साडेसहालाच स्क्रूड्रायव्हर घेऊन ते आले. 'वैज्ञानिक निरीश्वरवाद विभाग' असं त्या पाटीवर लिहिलं होतं. वीस वर्षं ते तिच्याखालून ये-जा करत होते. तीन स्क्रू निमूट निघाले. चौथा गंजला होता, तो काढताना पाटीचा कोपरा तुटला आणि बोटाला लागलं.

नव्वद सालचा जानेवारी होता. कम्युनिस्ट सरकार कोसळून जेमतेम सहा आठवडे झाले होते. सोमवारी नवी पाटी लागली, 'धर्म व अध्यात्म अभ्यास विभाग'. खोल्या त्याच, कपाटं तीच, पाच शिक्षकही तेच. पुस्तकंसुद्धा बदलावी लागली नाहीत. देव नाही हे शिकवायला देवाबद्दल जेवढं वाचावं लागतं तेवढं एखादा पाद्रीही वाचत नाही. संत, पंथ, प्रार्थना, हुतात्म्यांच्या जळायच्या तारखा, सगळं पोक्लुदांना तोंडपाठ होतं. फक्त शेवटच्या वाक्यात 'म्हणून हे खोटं' म्हणायचं, ते आता गाळायचं होतं.

घरी त्यांच्या बायकोने, यिंद्राने, सासूच्या ट्रंकेतून एक पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला होता.

"हे काय?"

"तुमचा बाप्तिस्म्याचा दाखला."

"फाडला नव्हता का तो?"

"तुम्ही फाड म्हणालात, मी लपवला. मला माहीत होतं, तुमचा भरवसा नाही."

दाखला उपयोगी पडेल असं काही नव्हतं. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांची समिती बसणार होती, कोण शिकवायच्या लायकीचं आणि कोण नाही हे ठरवायला. त्यातल्या दोघांना पोक्लुदांनी मागच्याच वर्षी नापास केलं होतं.

अशात फेब्रुवारीत लिपोवेत्स नावाच्या आडगावातून एक पत्र आलं. तिथल्या कलादालनाचा तरुण प्रमुख हिनेक सालाबा लिहीत होता, 'आदरणीय महोदय, प्रकाशनगृहाच्या तळघरात आम्हाला आपला १९७३ सालचा अभिप्राय मिळाला. द्रहोमीरा कुबेशोव्हा यांच्या अंकलिपीतल्या चित्रांचा एवढा खोल आध्यात्मिक अर्थ आजवर कोणीच उलगडलेला नाही, आणि तोही त्या काळोख्या वर्षांत! आम्ही कुबेशोव्हाबाईंचं प्रदर्शन भरवत आहोत. उद्घाटनाचं भाषण आपणच करावं. आमच्याकडे पाच पानं आहेत, शेवटचं पान बहुधा उंदरांनी खाल्लं असावं.'

पोक्लुदांनी पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसले. उंदरांनी नेमकं तेच पान खावं म्हणजे उंदीरही नव्या राजवटीचे झाले म्हणायचे. कारण सहाव्या पानावर काय होतं ते त्यांना शब्दन्‌ शब्द आठवत होतं.

त्र्याहत्तर साली प्रकाशनगृहाने पहिलीच्या अंकलिपीचे कच्चे ताव, त्यांत धर्माचा प्रचार नाही ना हे तपासायला, त्यांच्याकडे पाठवले होते. क कोंबडीचा. पानभर एक लाल कोंबडी पंख पसरून बसलेली, पंखांखाली बारा पिल्लं, त्यातलं एक जरा बाजूला सरकून बाहेर बघणारं. म माशाचा. नाताळच्या जेवणासाठी जिवंत आणून न्हाणीघरातल्या टबात सोडलेला मासा, टबाच्या काठावर नाक टेकवून बघणारी मुलगी. पोक्लुदांनी लिहिलं होतं की पिल्लांना पंखाखाली घेणारी कोंबडी थेट बायबलातून आलेली आहे, बारा पिल्लं म्हणजे बारा शिष्य आणि बाहेर बघणारं ते गद्दार यहूदा. मासा हे तर पहिल्या ख्रिस्ती लोकांचं गुप्त चिन्ह. पाच पानं त्यांनी असं लिहिलं, आणि इतकं रंगून लिहिलं की शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या. मग सहाव्या पानावर घाईघाईने त्या भरून काढल्या : 'सबब या चित्रकर्तीकडे मुलांसाठीचं कोणतंही काम यापुढे सोपवू नये.' सोपवलं गेलं नाही. सतरा वर्षं.

"ती जिवंत आहे?" यिंद्राने विचारलं.

"निमंत्रणावर नाव आहे. प्रमुख पाहुणी."

"मग नका जाऊ."

"न जाऊन कसं चालेल? समितीतला एक पोरगा लिपोवेत्सचाच आहे."

ते गेले. बसमध्ये दोन तास त्यांनी ढीगभर वाक्यं जुळवली. काळच तसा होता. आपण सगळेच थोडे थोडे. माझ्या सहीची किंमत ती काय. बस थांबली तेव्हा त्यातलं एकही वाक्य तोंडात ठरत नव्हतं.

कलादालन म्हणजे जुनं धान्याचं कोठार, चुना फासलेलं. लांब टेबलावर बटाट्याचं सॅलड आणि अंड्याच्या चकत्या लावलेले पाव, मोराव्हियाची पांढरी वाइन. सगळं गाव आलं होतं. गेल्याच वर्षी याच मंडळींनी मे दिनाला झेंडे धरले होते. आज प्रत्येकीच्या गळ्यात आजीचा क्रूस होता. कोपऱ्यात फादर मेतोद नावाचे लठ्ठ, प्रेमळ पाद्री तिसरा पाव खात होते. भिंतींवर ती चित्रं, मोठी करून, काचेत मढवलेली.

द्रहोमीराबाई सालाबाच्या शेजारी उभ्या होत्या. बुटक्या, साठीच्या, पुरुषासारखे मोठे पंजे, नखांच्या कडांत सोनेरी रंग साचलेला. अंत्ययात्रेच्या पुष्पचक्रांच्या रिबिनींवर त्या सतरा वर्षं अक्षरं काढत होत्या.

"तुम्ही पोक्लुदा होय?" बाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "मला वाटलं होतं उंच असाल."

भाषण झालं. पोक्लुदांनी आपलीच पाच पानं वाचली, आणि वाचताना त्यांचा आवाज त्यांच्याही नकळत भरून आला. पिल्लांपाशी दोन बायकांनी डोळे पुसले. माशापाशी फादर मेतोदांनी खाणं थांबवलं.

टाळ्या ओसरल्यावर द्रहोमीराबाई म्हणाल्या, "डोसेंटसाहेब, एक शंका. तो मासा. डिसेंबरात या खोलीतल्या कोणाच्या टबात मासा नव्हता?"

लोक हसले. एकजण ओरडला, "आमच्याकडे तर आंघोळी बंद असतात!"

"बघा. म्हणजे घरोघरी गुप्त ख्रिस्ती. आणि बारा पिल्लं माझ्या आत्याच्या कोंबडीची. तेरा होती, एक मांजराने नेलं. तेही कुठे बसवता येतं का बघा."

"कलावंताला स्वतःच्या हातून काय उमटलं ते कळत नसतं," सालाबा आदराने म्हणाला. गावाने माना डोलावल्या.

मग बाईंनी पर्स उघडली. आतून चार घड्या घातलेला एक कागद निघाला. पोक्लुदांना लांबूनच टाइपरायटरचं तुटकं 'र' ओळखू आलं.

"सहावं पान," त्या म्हणाल्या. "संपादक भला माणूस होता. तुला कोणी मारलं ते माहीत असू दे म्हणून दिलं."

त्यांनी ते सावकाश, रिबिनीवर अक्षरं काढावीत तसं, एकेक शब्द सुटा करून वाचलं. 'विषारी.' 'बालमनाची फसवणूक.' 'सबब.' आणि खाली पोक्लुदांची पूर्ण सही, पदासकट.

पोक्लुदांच्या हातातला पेला तिरपा झाला आणि वाइन बाहीत गेली. आता संपलं, असं त्यांना वाटलं, आणि नवल म्हणजे छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटलं. बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

पण सालाबा त्यांच्याआधी बोलला. त्याचे डोळे चमकत होते. "किती धूर्तपणा! मित्रांनो, तुमच्या लक्षात येतंय का? पाच पानं उघड उघड प्रवचन, आणि सहाव्यावर ही ढाल! हे शेवटचं पान नसतं तर यांना त्याच रात्री उचललं असतं!"

"उपरोध आहे तो," फादर मेतोद गहिवरून म्हणाले. "'विषारी' हा शब्द बघा कुठे घातलाय. ज्याला कान आहेत त्याने ऐकावं."

"ढाल?" द्रहोमीराबाई म्हणाल्या. "मग घाव कुणावर पडला हो?"

लोकांना तो विनोद वाटला. हशा पिकला, आणि त्या हशातूनच टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षा जोराच्या. पोक्लुदांचं तोंड अजून उघडंच होतं. त्यातून शेवटी जे बाहेर पडलं ते असं : "आभारी आहे."

कोट घ्यायला ते मागच्या खोलीत गेले तर बाई तिथे खुर्चीवर बूट काढून बसल्या होत्या. सुजलेले पाय चोळत होत्या.

"बसा. घाबरू नका, चावत नाही." मग म्हणाल्या, "एक सांगा. तुम्हाला ते खरंच दिसलं होतं? का वर चढायला रचलं होतं?"

खोटं बोलायची ही वेळ होती आणि खोटं तर त्यांच्या हाताशी होतं. पण त्या बुटक्या बाईसमोर ते सुचेना.

"लहानपणी मी चर्चमध्ये गायचो," ते म्हणाले. "आमच्या वेदीच्या बाजूला कोंबडीचं कोरीव काम होतं. पंखाखाली पिल्लं. तुमचं चित्र टेबलावर आलं आणि माझा घसा दाटला. दाराला कडी लावली मी. वाटलं, मला दिसलं म्हणजे सगळ्यांनाच दिसेल."

"म्हणून कळवलंत."

"म्हणून कळवलं."

बाईंनी पाय खाली ठेवला. "मी इतकी वर्षं समजत होते की लबाड माणूस आहे. पोटासाठी करतात लोक. लबाडाचं मला समजतं. माझे वडील रेल्वेत कोळसा टाकायचे, आमच्या घरात देवाचं नाव निघायचं ते फक्त शिवी म्हणून. मी कोंबडी काढली होती. त्या अख्ख्या देशात तिच्यात देव एकट्या तुम्हाला दिसला, आणि तुम्ही उठून त्याची मान मुरगळलीत. जा आता. तुमची बस चुकेल."

बस चुकली नाही.

एप्रिलमध्ये समितीने पोक्लुदांना उभं राहून नमस्कार केला. नापास झालेल्या दोघांपैकी एकाने तर माफी मागितली. मेमध्ये ते प्राध्यापक झाले. जुन्या सरकारने वीस वर्षं जी पायरी चढू दिली नव्हती ती नव्याने पाच महिन्यांत चढवली. द्रहोमीराबाईंनी एका वर्तमानपत्राला मुलाखतीत सांगितलं की मी देव मानत नाही. मुलाखत छापून आली, ते वाक्य गळलं होतं. मथळा होता, 'एका श्रद्धेची मूक साक्ष'.

उन्हाळ्यात बाईंना नव्या अंकलिपीचं काम मिळालं आणि चित्रं झाल्यावर ताव अभिप्रायासाठी पोक्लुदांकडेच आले. त्यांनी दार लावून एकेक पान पाहिलं. बदक, शिडी, छत्री, सायकल. सुंदर काढलेलं बदक, सुंदर काढलेली शिडी. त्यांनी घसा दाटायची वाट पाहिली. काही झालं नाही. त्यांनी एक ओळ लिहून पाठवली : 'चित्रं चांगली आहेत, छापावीत.'

चौथ्या दिवशी संपादिकेचा फोन. "प्राध्यापकसाहेब, एका ओळीत कसं भागेल? प्रस्तावना म्हणून घालायचंय. आध्यात्मिक बाजू येऊ द्या ना! पूर्वी कसं लिहायचात!"

मग ते बसले आणि एका सकाळीत पाच पानं लिहून काढली. शिडी आत्म्याची चढण झाली, छत्री कृपेची झाली. बदकाला जरा वेळ लागला, पण त्याचंही जमलं. एकही शब्द त्यांना स्वतःला पटला नव्हता. हात मात्र कधी नव्हे इतका सरळ चालला. सगळ्यांनी वाखाणलं.

सप्टेंबरात द्रहोमीराबाईंचं कार्ड आलं. 'प्रस्तावना वाचली. एवढी शुद्ध थाप मी कित्येक वर्षांत वाचली नव्हती. म्हणजे तुम्हीही पोटासाठीच. माझा राग गेला. रविवारी जेवायला या, बायकोलाही आणा. आलुबुखारे पिकलेत.'

यिंद्राला बाई फार आवडल्या. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना नवऱ्यांचे किस्से सांगत खिदळत होत्या. पोक्लुदांच्या ताटात आलुबुखारा भरलेले, वर लोणी आणि खसखस घातलेले पिठाचे उकडलेले गोळे येत राहिले. बाई वाढताना मोठ्याने मोजत होत्या. आठ. नऊ. "अहो प्राध्यापक, लाजताय काय? अकरा तरी झाले पाहिजेत, इथे त्याखाली कोणी उठत नाही!" ते अकरा खाऊन उठले.

परतीच्या बसमध्ये यिंद्रा म्हणाली, "किती मोकळी बाई आहे. तुम्ही मात्र तोंड पाडून बसला होतात. काय झालं?"

"काही नाही," पोक्लुदा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जास्त झाले जरा."