अडतीस

एरंडोलजवळच्या त्या गावात पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे कागदोपत्री रत्ना ठरवायची. ती ग्रामपंचायतीची जलसुरक्षक होती. प्रत्यक्षात तिचं काम म्हणजे तपासणीची बाटली भरून द्यायची आणि गप्प बसायचं, एवढंच.

उन्हाळ्यात शेजारच्या भागाबाईंनी तिला अडवलं. "रत्ना, हापसाना पानीले फवारानीना वास येस."

रत्नानं घोट घेतला आणि थुंकून टाकला. तासभर जीभ बधिर होती. हापशामागच्या पडक्या विहिरीत तिनं वाकून पाहिलं, तर मुदत संपलेल्या कीटकनाशकांचे डबे. गावात कृषी केंद्र एकच, सरपंच प्रेमराज नानांचं. डबे कुणाचे, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

तिनं नमुन्याची बाटली भरली. "मीच नेतो जळगावच्या प्रयोगशाळेत," ग्रामसेवक म्हणाले. एवढी तत्परता या माणसानं आजवर फक्त जेवणावळीत दाखवली होती.

पुढच्या ग्रामसभेत नानांनी अहवाल फडकवला. "पाणी पिण्यास योग्य! काही लोकांना गावाच्या बदनामीची हौसच असते."

रत्नानं कागद मागून घेतला. विरघळलेले क्षार, अडतीस. तिला हसूच फुटलं. जिथं हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, डाळ दुपारपर्यंत शिजत नाही, तिथं अडतीस? तिच्या वहीत त्या हापशाचा आकडा कधी हजाराखाली आला नव्हता.

"भाऊसाहेब, बाटलीतलं पाणी बदललं कुणी?"

"हापशाचंच होतं," ग्रामसेवक छताकडे बघत म्हणाले.

"अडतीसचं पाणी गावात एकाच घरी मिळतं. नानांच्या फिल्टरला."

भागाबाई उठल्या. "मंग नानानंच पानी चांगलं शे! सकायपाईन बठ्ठा गाव तठेच भरी!"

लोक हसले, पण भागाबाई थट्टा करत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी नानांच्या फाटकाशी चाळीस हंडे लागले. नानांनी आधी हसून पाणी दिलं, फोटोही काढून घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फिल्टर एकाएकी बिघडला.

तोवर रत्ना नवी बाटली मांडीवर घेऊन एसटीनं जळगावला जाऊन आली होती. या वेळी अहवालात कीटकनाशक निघालं. हापशाला लाल रंग फासून तो बंद केला, टँकर सुरू झाला. पहिल्या टँकरला नारळ फोडला तो नानांनीच. शुद्ध पाण्यासाठी आपण किती झटलो, हेही त्यांनी तिथंच सांगून टाकलं. विहीर मात्र चौकशीचा माणूस येण्याआधीच मुरूम टाकून बुजवली होती.

आणि नोटीस आली ती रत्नाला. नमुना परस्पर नेल्याबद्दल खुलासा द्यावा.

तिनं खाली लिहिलं, "पहिली बाटली नेणाऱ्यांचा खुलासा आला की माझा देते."

तो काही अजून आलेला नाही. नाना पुन्हा उभे राहणार आहेत म्हणे. टँकर आला की बायका आधी एक तांब्या रत्नापुढे धरतात, आणि ती घोट घेऊन मान डोलावेपर्यंत कुणी हंडा लावत नाही.