मिस थॉर्नचा डावा तळहात

शनिवारी सकाळी आई ओट्याशी पोळ्या करत होती आणि मी टेबलाशी बसून तिची परीक्षा घेत होते.

"सव्वा एकराचं एक शेत. अशी सतरा शेतं. एकूण किती एकर?"

"सव्वाएकवीस." तिने पोळी उलटलीसुद्धा नव्हती. "सवायकीच्या पाढ्यातलं विचारतेस होय? मला वाटलं, अवघड काहीतरी काढशील. मिस थॉर्न बिचारी पाटीवर गुणाकार मांडत बसली असती."

मिस थॉर्न म्हणजे आईच. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या टेकड्यांच्या पायथ्याशी एक जुनी, एका खोलीची शाळा जपून ठेवली आहे. आसपासच्या शाळांतली चौथीची मुलं बसने तिथे येतात आणि एक दिवस १८८०च्या सुमारासची विद्यार्थी होतात. पाटीवर लिहितात, ओळीत उभी राहतात, कंदिलाच्या काचा पुसतात. त्यांना शिकवायला त्या काळची शिक्षिका लागते. चाळीसगावच्या नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन माझ्याकडे आलेल्या आईने ते काम पाच वर्षं केलं. तिने करड्या रंगाचा पायघोळ झगा शिवून घेतला होता. अंबाडा आयताच होता. "उच्चारांचं काय?" असं मी सुरुवातीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "त्या काळी इथे सगळेच कुठून कुठून आलेले होते. मी जरा लांबून आले, इतकंच."

पाच वर्षं झाली की शाळेची समिती या स्वयंसेवकांची जुन्या पद्धतीने परीक्षा घेते. त्या काळी शिक्षकाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. एक, वाचन, लेखन, गणित येतं. दोन, वर्तन चांगलं आहे. पहिलीसाठी प्रश्न विचारत. दुसरीसाठी गावातल्या कुणीतरी उठून उभं राहायचं आणि सर्वांसमक्ष ग्वाही द्यायची.

"गणित चुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता यायचं," आई म्हणाली. "चारित्र्यात नापास झाली की बाईने गाव सोडायचं. आणि परीक्षा घेणारा कोण, तर घोड्यांचा व्यापारी!"

परीक्षा पार पडली की दाराशेजारच्या लाकडी पाटीवर नाव कोरलं जाणार होतं. वर त्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांची नावं, खाली पाच वर्षं पूर्ण केलेल्या स्वयंसेवकांची. आई त्याविषयी फारसं बोलायची नाही. पण एकदा तिने मला कागदावर आपलं नाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहून दाखवलं होतं आणि कोणतं स्पेलिंग कोरायला सोपं, ते विचारलं होतं. या देशात तिचं नाव कुठेच नव्हतं. टपालपेटीवरसुद्धा माझं आणि माझ्या नवऱ्याचं, शंतनूचं.

"राधा," पुढची पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "तक्रार आलीये माझी."

"कसली?"

"परवाच्या वर्गातली. एका मुलीचा बाप मदतीला म्हणून आला होता. मी त्याच्या मुलीला पट्टी मारली, म्हणे."

लाटणं थांबलं. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मी विचारावं म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं. 'मारलीस का?' एवढाच प्रश्न होता. पण पट्टी हा शब्द आमच्या घरात कधीच उच्चारला जात नसे. त्याच्या आजूबाजूने चालायची आम्हाला दोघींना सवय होती.

"बघू," मी म्हटलं. "समितीसमोर सांगशीलच तू."

"सांगीन की." ती पुन्हा ओट्याकडे वळली.

तिने पोळी माझ्या ताटात टाकली तेव्हा तिचा डावा तळहात मला दिसला. बोटांच्या मुळाशी आडव्या दोन जांभळट रेघा, समांतर, आणि मधली पट्टी पांढरी.

"हे काय झालं?"

"तवा लागला," ती म्हणाली आणि मूठ मिटली.

मी जेवले. दुपारी आम्ही भाजी आणायला गेलो, तिने दुधी नखाने टोचून बघितला म्हणून दुकानातली मुलगी तिच्यावर चिडली, आणि आई गाडीत येईपर्यंत हसत होती.

रविवारी सकाळी तिने स्वतःचा चहा करून घेतला आणि खिडकीशी बसली. मी खाली आले तेव्हा चहा गार झाला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिला कळलंही नसेल, म्हणाले.

दिवसकार्य इथे जसं उरकतं तसं उरकलं. पंधरवड्यानंतर समितीच्या अध्यक्ष डॉरथी हेल यांचा फोन आला. ऐंशीच्या घरातल्या, आईवर जीव असलेल्या बाई. त्या हळूच म्हणाल्या, की आता तो विषय शांतपणे मिटवून टाकता येईल. कुणाला काही बोलावं लागणार नाही.

"आणि पाटीवरचं नाव?" मी विचारलं.

"तक्रार उघडी असताना नाव लावता येत नाही, राधा. तसा नियमच आहे."

"मग परीक्षा घ्या," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर वाटलं, उगाच बोलले. कारण आईने त्या मुलीला मारलं नव्हतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते.

*

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या दाराशी विक्रम, तक्रार करणारा बाप, उभा होता. चाळिशीचा, ऑफिसच्या बॅजसकट. त्याचा हात धरून अनिका, नऊ वर्षांची, नजर बुटांवर.

"ताई, आय अ‍ॅम सो सॉरी," तो म्हणाला. "काकू गेल्याचं कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं. पण मी कम्प्लेंट मागे नाही घेऊ शकत. मी तिथे होतो."

"तुम्ही पाहिलंत?"

"मागच्या बाकावर होतो. अनिका कुजबुजली म्हणून त्यांनी तिला पुढे बोलावलं, हात पुढे करायला लावला. इथपर्यंत ठीक, तो नाटकाचा भाग असतो. मग पट्टी वर गेली आणि खाडकन आवाज. ही अशी दचकली." त्याने स्वतःचे खांदे उडवून दाखवले. "यार, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. पुण्यात सातवीपर्यंत पट्ट्या खाल्ल्यात. त्या पिढीच्या बाई मला नका सांगू, ताई."

"बाबा, कॅन वी गो?" अनिका म्हणाली.

"इन अ मिनिट, बेटा."

त्याने खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. त्या पिढीची एक बाई मला चांगलीच माहीत होती. चौथीत मी तिच्याच वर्गात होते. गृहपाठ विसरला तर इतरांना एक पट्टी आणि मला दोन, कारण मी बाईंची मुलगी. कुणी म्हणायला नको, की बाई घरच्याला सोडतात. वर्गात मी तिला बाई म्हणायची. संध्याकाळी घरी ती माझा हात मांडीवर घेऊन खोबरेल तेल चोळायची आणि तेव्हा ती आई असायची. "लागलं का गं?" ती विचारायची. मी म्हणायची, "नाही." मग ती म्हणायची, "शहाणी आहेस." वर्षभर हे असंच चाललं.

आत समितीची पाच माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. शिक्षिकेची खुर्ची रिकामी होती. खुंटीवर आईची टोपड्यासारखी हॅट, टेबलावर लाकडी पट्टी. खिडकीतून वाळलेल्या पिवळ्या टेकड्या दिसत होत्या आणि हायवेचा आवाज येत होता.

सगळं इंग्रजीतच झालं. मी ते मराठीत सांगते आहे.

डॉरथींनी आधी विद्येचा भाग घेतला. आईने पाच वर्षांत काय काय शिकवलं ते वाचून दाखवलं. तोंडी हिशोब ती कुठल्या तरी परक्या पाढ्यांनी करायची आणि एकदाही चुकली नाही, असं समितीतल्या एका म्हाताऱ्याने हसत नमूद केलं. मग डॉरथींनी चष्मा काढला.

"आता वर्तन."

विक्रमने जे मला सांगितलं तेच सांगितलं. आवाज न चढवता, नीट. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याच्यावर विश्वास बसतो आहे.

"अनिका," डॉरथी म्हणाल्या, "तुला सांगायचं नसेल तर नको सांगू. त्या दिवशी काय झालं?"

"मी डोळे मिटले होते," ती म्हणाली.

"तुला दुखलं का?"

"नाही."

"पट्टी लागली?"

अनिकाने वडिलांकडे बघितलं. "मला नाही वाटत. खूप मोठा आवाज झाला."

"ती नाहीच म्हणणार," विक्रम म्हणाला. "माफ करा, पण मी पण नाहीच म्हणायचो. लागलं असं कुठलंच मूल सांगत नाही. आणि आता त्या बाई वारल्यात, आता तर ती अजिबात सांगणार नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. त्या खोलीत ते माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी खरं बोलत असली तरी तिचं 'नाही' माझ्या 'नाही'सारखंच ऐकू येत होतं.

"त्यांच्या वर्तनाची ग्वाही कोण देणार?" डॉरथींनी विचारलं. जुन्या काळचं ठरलेलं वाक्य. त्यांचा स्वर मात्र ठरलेला नव्हता.

मी उभी राहिले. माझी आई चांगली होती, तिने कुणाला कधी मारलं नाही, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तयारीही तशीच केली होती. समोर टेबल होतं. अक्रोडाचं, जुनं, कडेला शाईचे डाग. कुणीतरी त्यावर छोटी पाटी ठेवली होती: कृपया हात लावू नये.

"या टेबलावर पट्टी आपटायची परवानगी आहे?" मी विचारलं.

"अजिबात नाही," डॉरथी म्हणाल्या. "टेबल मूळचं आहे. बाकही. सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो."

"मग ती आवाज कशावर काढायची?"

डॉरथींनी इतरांकडे बघितलं. म्हाताऱ्याने खांदे उडवले. पाच वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा मला दोन रेघा दिसल्या. ओट्याशी, पोळीच्या वाफेत. मिटलेली मूठ.

"आई उजव्या हाताने लिहायची," मी म्हटलं. "त्या वर्गानंतर दोन दिवसांनी तिच्या डाव्या तळहातावर वळ होता. मला म्हणाली, तवा लागला. तव्याने फोड येतो. हा वळ होता. आडव्या दोन रेघा आणि मधे पांढरं. पट्टीच्या कडांनी येतो तसा."

"हे तुम्ही खात्रीने सांगू शकता?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं. "वळ पट्टीचाच होता हे?"

इथे थांबता आलं असतं. पण थांबले असते तर तो फक्त मुलीचा आईवरचा लोभ ठरला असता.

"हो," मी म्हटलं. "कारण तसे वळ माझ्या हातावर असायचे. मी नऊ वर्षांची असताना. तिनेच मारलेले. ती माझी वर्गशिक्षिका होती."

बाक करकरला. विक्रमने मान वर केली.

"विक्रम," मी त्याला मराठीत म्हटलं, मला इंग्रजी सुचेना, "घरी जाऊन तुम्ही तिचा हात बघितलात?"

"लगेच. गाडीतच."

"काय होतं?"

"काही नव्हतं." तो थांबला. "मला वाटलं, हळू मारली असेल."

"त्या आवाजाची पट्टी हळू असते? तुम्ही खाल्लीये ना?"

तो बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिला. मग त्याने आमचं बोलणं समितीला इंग्रजीत सांगितलं, आणि मग माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही. "नाही. त्या आवाजाची पट्टी लागली तर दुसऱ्या दिवशीही पेन धरता येत नाही. अनिकाने त्याच संध्याकाळी पियानो वाजवला." त्याने नाक ओढलं. "आणखी एक सांगायला हवं. पट्टी वर गेली तेव्हा मी पण डोळे मिटले. ती खाली कुठे पडली ते मी पाहिलेलं नाही. मी फक्त ऐकलं."

"म्हणजे तक्रार—" डॉरथी म्हणाल्या.

"काढून टाका."

पाचही हात वर गेले. म्हाताऱ्याचा सगळ्यात आधी. डॉरथींनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आईच्या नावाचं स्पेलिंग मला विचारलं. मी तिने निवडलेलं सांगितलं.

माणसं उठू लागली. मी उभीच होते. तिने ती पट्टी स्वतःच्या हातावर किती वेळा घेतली असेल? पाच वर्षं, प्रत्येक बसमागे एकदा? आणि त्या शनिवारी ती वळून माझ्याकडे बघत होती, तेव्हा मूठ उघडायला ती फक्त माझ्या एका प्रश्नाची वाट बघत होती.

अनिका माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या आईने तुम्हाला खरंच मारलं?"

"अनिका," विक्रम दबक्या आवाजात म्हणाला, "डोन्ट."

"असू दे. हो, मारलं."

"मग दुखलं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. वर्षभर दिलेलं, 'शहाणी आहेस' मिळवून देणारं. मी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खुंटीवरची हॅट वाऱ्याने जराशी हलत होती.

"लागलं होतं," मी म्हटलं. मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आई, लागलं होतं गं. खूप लागलं होतं."