वहीवाली आणि दादाची पोस्ट

वस्तीतल्या चार हजार माणसांचा ऑनलाइन ग्रुप एक निवृत्त ग्रंथपालबाई सांभाळायची. कुणाची पोस्ट काढायची तर आधी निळ्या वहीत एका वाक्यात कारण लिहायचं. वाक्य जमलं नाही, तर पोस्ट राहणार. नियम तिचाच. लोक ‘वहीवाली’ म्हणून चिडवायचे आणि भांडण जुंपलं की वही बघायला तिच्याच दारात यायचे.

मंगळवारी सकाळी थोरल्या भावाचा फोन आला. कोपऱ्यावरची बेकरी त्याची.

“त्या नर्सची पोस्ट आत्ताच्या आत्ता काढ!”

नर्सने पावाचा फोटो टाकला होता, मधोमध हिरवीगार बुरशी. बदलून द्यायला दुकानदार नाही म्हणाला, असंही लिहिलं होतं.

“दादा, पाव तुझाच ना?”

“माझाच. म्हणून चव्हाट्यावर मांडायचं? बाबांचं दुकान आहे ते. तुला काही वाटतं की नाही?”

वाटत होतं, फार वाटत होतं. दादाने शाळा सोडून पीठ मळलं, म्हणून ती शिकली होती. तिने वही उघडली. ‘तो माझा भाऊ आहे’ एवढं एकच खरं कारण सुचलं, आणि ते लिहायला हात धजेना.

नर्सच्या पोस्टखाली मात्र एका शूरवीराने लिहिलं होतं, ‘उद्या जमा, बेकरीच्या काचा फोडू.’ ते तिने तडकाफडकी काढलं. कारण: तोडफोडीला बोलावणं. मग ग्रुपवर लिहिलं, ‘नर्सबाईंची तक्रार राहील. बेकरीवाला माझा सख्खा भाऊ आहे, हेही माहीत असू द्या.’

दुपारी दादाची पोस्ट आली. ‘माझ्या बहिणीने बाबांचं नाव मातीत घातलं. असली बहीण वैऱ्यालाही नको.’

तिला रडू फुटलं. तासाभरात एकतीस जणांनी कळवलं, ‘काढा ते.’ त्यात नर्सही होती. वहीवालीने वही पुढ्यात ओढली. शिवी नव्हती, धमकी नव्हती. आणि स्वतःबद्दलचं लिखाण खोटं ठरवणारी ती कोण? नुसतं जिव्हारी लागलं होतं. पण तसं तर सकाळी दादालाही लागलं होतं. तिने वही मिटली आणि पोस्ट राहू दिली.

संध्याकाळी दादा दारात उभा. बाहीला पीठ तसंच.

“नर्सला ताजा पाव देऊन आलो,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “ती माझी पोस्ट काढ ना.”

“मला कारण सापडलं नाही, दादा. तुझी आहे, तूच काढ.”

“मला कुठे येतं?”

“दाखवते. बटण मात्र तूच दाबायचं.”

त्याने चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला आणि थांबला.

“आधी वहीत लिहायचं असतं ना?”

तिने वही पुढे केली. आठवीत शाळा सुटलेल्या हाताने त्याने सावकाश लिहिलं, ‘बहिणीबद्दल खोटं लिहिलं होतं.’ मग बटण दाबलं.