वाजवणाऱ्याचं पान
वासुदेवराव चपला काढून छपरीत आले, तेव्हाच परसराम धास्तावला. आंधळगावचा हा धानाचा व्यापारी बोलायला गोड, मनानंही वाईट नव्हे. पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ. आणि परवाच तुमसरच्या बाजारात त्यांची गाठ बाबूलालशी पडली होती. बाबूलाल म्हणजे परसरामचा फौजेतला दोस्त. त्यानं काय सांगितलं असेल, हे ओळखायला ज्योतिषी नको होता.

समोर खाटेवर परसरामचे बाबा, केवळराम, बसले होते. नजर अधू झाली होती, कान मात्र शाबूत. दुर्दैव म्हणतात ते हेच.

छप्पन्न साली केवळराम नागपूरहून दीक्षा घेऊन परतले, तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. आल्या आल्या त्यांनी घरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं डफडं तलावात फेकलं. दुसऱ्यांच्या लग्नात वाजवायचं आणि ढोरांच्या कोठ्यापाशी बसून उरलंसुरलं खायचं, हे त्या दिवसापासून बंद. या घरातल्या कोणाचा हात पुन्हा बाज्याला लागणार नाही, असं त्यांनी बजावलं. मग जन्मभर लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी-कापणी करत राबले, पण शब्द सोडला नाही. पोरगा फौजेत गेला आणि त्यांची मान ताठ झाली. ‘माझा परसराम बंदूक चालवते’ हे गावानं इतक्यांदा ऐकलं होतं की पोरंटोरं त्यांची नक्कल करत.

आणि परसराम? तो भरती झाला शिपाई म्हणून, पण बँडच्या उस्तादानं त्याचे ओठ आणि दात निरखले आणि त्याला आपल्याकडे ओढून घेतलं. पचमढीच्या लष्करी संगीतशाळेत तो क्लॅरिनेट शिकला. पहिल्यांदा सूर नीट लागला, त्या दिवशी त्याला जेवणाचीही आठवण राहिली नाही. घरच्या पत्रात मात्र त्यानं लिहिलं, ड्यूटी चांगली चालू आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पेन्शनीत येऊन चिखल्याच्या खाणीवर पहारेकरी झाला, तरी ती मूठ उघडली नव्हती. एकट्या सरिताला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं.

वासुदेवरावांनी चहा घेतला, धानाच्या भावाबद्दल कुरकुर केली आणि मग मुद्द्यावर आले. त्यांच्या लेकीचं, रिताचं, लग्न ठरलं होतं.

“मिलिट्रीच्या बँडातला माणूस इतक्या जवळ असताना मी बाहेरून काहून बँड आणू? परसराम समोर राहिला तर शान वाढते. केवळरामबुवा, आमच्या आत्याच्या लग्नात तुम्हीच वाजवलं होतं म्हणतात. कला घरातच आहे तुमच्या.”

त्यांना खरोखरच कौतुक करायचं होतं. म्हणून तर त्यांच्यावर चिडताही येईना. आत सरिताच्या हातातली भांडी थांबली. केवळरामांनी आवाजाच्या रोखानं मान वळवली.

“परसराम, तू फौजेत काय करत होता?”

बाबूलालची काही चूक झाली असेल, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण दुरून पत्रात लपवणं वेगळं आणि बापाच्या तोंडावर खोटं बोलणं वेगळं. त्यानं बँड म्हटलं नाही, म्युझिक म्हटलं नाही. बाबांचाच शब्द घेतला.

“बाजा वाजवत होतो, बाबा.”

केवळरामांचा चेहरा दगडासारखा झाला. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला त्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं, तेव्हा तिथंही वाजवतच होता काय, असं त्यांनी विचारलं. परसरामनं भीत भीत सांगितलं. लढाईत बँडवाले जखमी उचलतात. तोही स्ट्रेचर खांद्यावर घेऊन डोंगर उतरला होता. एक पोरगा वाटेतच गेला. खाली आल्यावर त्याच्यासाठी वाजवलं, तेव्हा मोठमोठे साहेब सलामी देऊन उभे होते.

केवळराम खाटेवर पुढं सरकले. मग म्हणाले, “वाजवून झाल्यावर जेवाले कोठं बसवत?”

म्हातारा भरकटला असं वाटून वासुदेवराव जरासे हसले. परसरामला मात्र प्रश्न कळला.

“लंगरात, बाबा. सगळ्याईसंगं. बंदूकवाल्याच्या ताटाले ताट लावून.”

“आन् तुमच्या मांडवात याले कोठं बसवाल, वासुदेवराव?”

“बँडवाल्याईचं पान मागं राहतेच ना,” वासुदेवराव सहज बोलून गेले. “पाहुणे उठले का मंग. सगळीकडं तसंच राहते.”

बोलून झाल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. परसरामची गोष्ट वेगळी, तो पहिल्याच पंगतीत बसेल, अशी सारवासारव त्यांनी केली. परसरामनं हात जोडून सांगितलं की वाजवायला येणं जमणार नाही. वासुदेवराव आणखी थोडे घुटमळले आणि खाली मान घालून निघून गेले.

आता छपरीत बापलेक दोघेच उरले. बाबांनी शिव्या दिल्या असत्या, घराबाहेर हो म्हटलं असतं, तरी परसरामनं ते मुकाट सोसलं असतं. त्या तयारीनंच तो खाटेपाशी खाली बसला. तो माफी मागणार, तेवढ्यात केवळरामच बोलले.

“तुले आवडत होतं काय, वाजवणं?”

“लय आवडत होतं, बाबा.”



“मलेही,” ते म्हणाले. “डफडं फेकलं तवा तलावाच्या पाळीवर बसून लय रडलो होतो रे मी.”