खाणीच्या रस्त्याची फाईल

सत्तावन साली मुलुंड मुंबईत सामील झालं, त्याला वर्ष उलटलं, पण खाणीच्या रस्त्याला ती बातमी कोणी सांगितलीच नव्हती. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला कुंपणं, आणि मधून खडीचे ट्रक असे उधळायचे की माणसानं चालायचं कुठून? ट्रकांच्या टपावरून? विद्याधरपंतांनी हा प्रश्न आतापर्यंत अकरा अर्जांत विचारला होता. टपाचा उल्लेख तेवढा गाळून.

पंत म्हणजे रस्त्यांच्या सरकारी खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज हाताळलेले, तेव्हा अर्ज कसा लिहावा हे त्यांना कोणी शिकवायला नको. समास सोडलेला, कलमं पाडलेली, खाली साठ रहिवाशांच्या सह्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथं घर बांधलं, आणि आता त्यांची सात वर्षांची नात उत्तरा याच रस्त्यानं शाळेत जायची. गेल्या सोमवारी ट्रक अंगावर आला म्हणून पोरीनं गटारात उडी मारली. हनुवटीला चार टाके पडले. त्यावर म्युनिसिपालिटीचं उत्तर काय, तर 'आपला अर्ज पोचला.' अहो, अर्ज पोचतोय हो, पोर शाळेत धड पोचत नाही त्याचं काय?

शेवटी पंत स्वतःच कचेरीत निघाले. सोबत गुणाजी. हा कोपऱ्यावरच्या चाळीतला, गिरणीतून निवृत्त झालेला मालवणी माणूस, पंतांच्या कितीतरी आधीपासून या रस्त्यावर राहणारा. एक्कावन्न साली ट्रकचं चाक त्याच्या बायकोच्या, रुक्मिणीच्या, पायावरून गेलं. तेव्हापासून ती बाई उंबरा ओलांडत नाही. त्यामुळे फुटपाथचं नाव निघालं की गुणाजी हातातलं काम टाकून यायचा.

कचेरीत त्यांना तीन टेबलं फिरवलं. पहिला म्हणाला, गटाराचं असेल तर पलीकडे जा. दुसरा म्हणाला, ट्रकचं असेल तर पोलिसांकडे जा. तिसरा चहाला गेला होता, त्याचा कोट तेवढा खुर्चीच्या पाठीवर हजर होता. ही कोटाची युक्ती पंतांना चांगली ठाऊक होती, म्हणून तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तासाभरानं कोटाचा मालक उगवला. चंद्रप्रकाश नावाचा तरुण, बोलायला बरा होता बिचारा.

त्यानं शोधाशोध करून सांगितलं की या रस्त्याची जुनी फाईल आहे, भाग ताब्यात आला तेव्हा सरकारी खात्याकडून आलेली. फुटपाथची हीच मागणी अठ्ठेचाळीस साली नामंजूर झाली होती. तो निर्णय उभा आहे तोवर साहेब नवा घेत नाहीत, म्हणून पंतांचे अकराही अर्ज त्याच फाईलला मागून टाचले होते.

"कुठल्या गाढवानं नामंजूर केली?" पंत उसळले. चंद्रप्रकाशनं फाईल उघडून पुढे सरकवली.

वरचा अर्ज गुणाजीचाच होता. बावीस चाळकऱ्यांची नावं, निम्म्यांचे अंगठे. कडेला इंग्रजीत दीड ओळ. ते वळणदार अक्षर पंतांनी ओळखलं, खालची आद्याक्षरंही ओळखली. उपनगरांतून आलेल्या असल्या अर्जांवर साहेबांपुढे जाण्याआधी हेडक्लार्कनं हा शेरा मारायचा, अशी त्यांच्या खात्याची रीतच होती, दिवसाला वीस-पंचवीस. जागा पाहायला कोण जातंय? मुलुंड तेव्हा त्यांना नकाशावरही पटकन सापडलं नसतं.

"काय लिवलाहा?" गुणाजीनं विचारलं. "माका इंग्रजी येणा नाय."

"सध्या गरज दिसत नाही. दप्तरी दाखल," पंतांनी वाचून दाखवलं.

चंद्रप्रकाश म्हणाला, एक वाट आहे म्हणा. हा शेरा जागा न पाहताच मारला असं लेखी मिळालं, तर फाईल पुन्हा साहेबांपुढे जाईल. पण तो मारणारा आता कुठून सापडायचा? मेला असेल, नाहीतर बसला असेल कुठंतरी पेन्शन खात.

पंत गप्प बसले असते तर कोणाला काही कळणार नव्हतं. दोन आद्याक्षरं, तसली माणसं मुंबईत हजार. घरी जाऊन बारावा अर्ज लिहिता आला असता. पण उत्तराचे टाके अजून काढायचे होते, आणि ते निघाले की दुसऱ्या दिवशी पोरीला त्याच रस्त्यावर जायचं होतं. त्यांनी चंद्रप्रकाशकडे पेन मागितलं आणि त्या दीड ओळीखाली लिहिलं, 'वरील शेरा माझा. जागा न पाहता मारला. गरज होती.' पूर्ण नाव, सही, तारीख. या वेळी मराठीत.

चंद्रप्रकाश त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं फाईल साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवली. गुणाजीनं ती परत मागून घेतली, अक्षराखाली बोट ठेवून सगळं वाचलं, आणि परत ठेवली. आता हा शिव्या घालणार, असं पंतांना वाटलं. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

परतताना ट्रक आला की गुणाजी पंतांचा दंड धरून त्यांना कुंपणाकडे ओढायचा, आणि ट्रक गेला की हात सोडून द्यायचा. असं चारदा झालं.

रुक्मिणी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. पाय लांब केलेला. तिनं मान वर करून विचारलं, "काय झाला ओ? करतत काय नाय फुटपाथ?"

गुणाजी बाजूला झाला.

"ह्येंका इचार," तो म्हणाला. "तेव्हा नको म्हणून ह्येंनीच लिवलेला."

रुक्मिणीचा हात सुपातच थांबला. पंतांनी चपला काढल्या, तिच्यासमोर पायरीवर बसले, आणि सांगायला सुरुवात केली.