जिन्याजवळचं टेबल

चर्रर्र करून बॅगेची चेन ओढली गेली, आणि सकाळच्या चिडीचूप घरात चहा गाळणारा तिचा हात जागीच थांबला.

"चेन तुटेल गं. ठेव ती बॅग पलंगाखाली."

"मी फक्त फ्रॉक बघतेय," आतून लेकीचा आवाज.

फ्रॉक पिवळा होता. आजीने फोनवर मापं विचारून शिवलेला, टपालाने धाडलेला. आजीने नातीला पाळण्यात पाहिलं होतं, ती आता सहा वर्षांची झाली. आजीची अट एकच: येताना हाच घालून यायचं, म्हणजे विमानतळावरच्या गर्दीत लांबूनच ओळखता येईल. बॅग भरली आणि नेमकी मंदी आली. फिरायला जाणारी माणसं घटली, म्हणून कंपन्यांनी विमानं कमी केली. आणि उरलेल्या विमानांची तिकिटं दुप्पट झाली. वर्षभर बॅग पलंगाखाली होती. तिकिटाचे पैसे बिस्किटांच्या डब्यात होते. अर्ध्या तिकिटाचे, असं म्हणायचं आता.

त्याच मंदीने घरातल्या दोघांच्याही पोटावर पाय दिला होता. ती कॅसिनोत पत्ते वाटायची. नवरा विमानतळावरून पर्यटकांना तिथे आणायची बस चालवायचा. पर्यटक यायचे थांबले, बस शेडमध्ये गेली आणि नवरा घरी बसला. मग कॅसिनोने एक पाटी उतरवली. 'स्थानिकांना प्रवेश नाही' ही पाटी. त्या जागी दुसरी लागली: स्थानिकांना जेवण फुकट. पूर्वी गिऱ्हाईक टाय लावून यायचं, आता भाजीची पिशवी घेऊन यायला लागलं.

"आज कोण आलं होतं?" नवरा रोज विचारायचा.

"शिंपीणकाकू. परवा आपला पोस्टमन."

"आणि?"

"आणि काय? हरले."

त्या दिवशी दुपारी जेवणाची गर्दी ओसरली तेव्हा जिन्याजवळच्या तिच्या टेबलावर शिंपीणकाकू एकटीच होती. शेजारची खुर्ची सरकली. तिने मान वर केली. लग्नातला शर्ट घालून नवरा समोर बसला होता. पुढ्यात चिप्सचे, पैसे देऊन घेतलेल्या चकत्यांचे, दोन ढीग. किती पैशांचे आहेत ते तिने नजरेनेच ओळखलं. डब्यात होते तेवढे. सगळे.

नियम साधा होता. नात्यातलं माणूस टेबलावर बसलं की हात उपडा ठेवायचा आणि सुपरवायझरला हाक मारायची. नातेवाइकाला बाहेर काढत, कायमचं. पण मागच्या आठवड्यात एका पोरीने भावासाठी हात उपडा ठेवला, तर भावाबरोबर तिलाही सांगितलं, तूही घरीच राहा काही दिवस. ते काही दिवस अजून संपले नव्हते.

"साहेब, पान हवंय?" तिने विचारलं. नवऱ्याला साहेब म्हणताना जीभ अडखळली.

"द्या," तो म्हणाला, आणि त्याला जरासं हसूही आलं. मूर्खासारखं.

तो आपल्याच टेबलावर का आला, ते तिला ठाऊक होतं. परतीच्या बसमध्ये त्याने वर्षानुवर्षं ऐकलं होतं: जिन्याजवळच्या बाईच्या हाताला गुण आहे हो! पण बसमध्ये बोलायचे ते जिंकलेले. हरलेले काचेला डोकं टेकून डोळे मिटून घ्यायचे. सात वर्षं आरशात दिसूनही ते त्याला कधी दिसले नाहीत.

खेळ एकवीसचा; पानांची बेरीज त्यापुढे गेली की हार. त्याचे सोळा झाले होते. थांब, थांब, ती मनात ओरडत होती. त्याने आणखी एका पानासाठी बोट आपटलं. पान पडलं, नव्वा. पंचवीस. तिने चिप्स ओढल्या.

"बाई, आज हात जड पडलाय तुमचा," शिंपीणकाकू चुकचुकली. अंधूक नजरेच्या काकूने त्याला ओळखलं नव्हतं.

दुसरा ढीग अर्ध्यावर आला तेव्हा सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. सगळे त्याला घार म्हणत.

"हे ओळखीचे आहेत वाटतं?"

एक शब्द. तेवढा बोलली असती तर अर्धा ढीग वाचला असता.

"आपली बस चालवायचे पूर्वी," ती म्हणाली.

"अरे वा! मग चहा सांगा साहेबांना."

चहा आला. तो निवायच्या आत ढीग संपला. नवरा उठून गेला. तिची पाळी संपली, तेव्हा रोजच्यासारखे तिने दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले आणि छतावरच्या कॅमेऱ्याला उलटसुलट करून दाखवले. काही नेत नाही, बघा.

घरी तो रिकामा डबा समोर घेऊन बसला होता.

"मला बाहेर काढायला सांगायचं होतंस."

"आणि माझं काम गेलं असतं तर?"

"निदान अर्धे तरी..."

"अर्धे अर्धे काय करतोस? डबा उघडताना माझी आठवण झाली नाही का?"

"तुझीच झाली. म्हटलं, तुझ्याच हाताने मिळतील. पोरीचं तिकीट होईल."

यावर ओरडायचं की रडायचं, ते तिला कळेना. तिने रिकाम्या डब्याला झाकण लावलं. आतल्या खोलीत पुन्हा चर्रर्र झालं, मग कापडाची खसफस, मग लहान पावलं.

लेक दारात आली. अंगात पिवळा फ्रॉक. बाह्या कोपराच्या वर गेलेल्या, पाठीची बटणं लागत नव्हती. पोट आत ओढून, श्वास धरून ती ताठ उभी होती.

"आई, अजून होतोय, बघ. आपण जाईपर्यंत मी कमी जेवू का?"