परक्या गाडीची आंघोळ

हॉरेस ट्रँटरनं पहिली बादली गाडीच्या टपावर रिकामी केली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गाजरं सोलणाऱ्या हिल्डाचा हात जागच्या जागी थांबला. पाणी टपावरून काचेवर, काचेवरून बॉनेटवर आणि बॉनेटवरून खाली नंबराच्या पाटीवर ओघळलं. धूळ गेली. काळ्या पाटीवर पांढऱ्या आकड्यांत नऊशे सहा लिहिलं होतं.

ट्रँटरांच्या गाडीचा नंबर होता चारशे सतरा.

बाकी काही म्हणता काही फरक नव्हता. तोच फिकट निळा रंग, तीच चार दारांची ऑस्टिन, तशीच आतली लाल बैठक. त्या वर्षांत आमच्या डडलीत कुठंही दगड भिरकावला तरी तो निळ्या ऑस्टिनलाच लागायचा. शाळामास्तर घ्या, फिटर घ्या, पाद्री घ्या. ज्याला म्हणून बायको, दोन पोरं आणि एक कुत्रं कोंबून समुद्रावर जायचं असे, तो हीच गाडी घ्यायचा. सात-आठ वर्षं वापरून किल्ल्याही अशा गुळगुळीत झालेल्या, की एकाची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला लागली तर कुणी फारसं नवल करत नसे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे गृहस्थ तर एकदा परक्याच्या गाडीतून वेल्सपर्यंत जाऊन आले होते. पण ते हसण्यावारी गेलं, कारण ते पुरुष होते आणि गाडी चालवण्याचा त्यांना परवाना आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

हिल्डाला परवाना आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्रेपन्नाव्या वर्षी ती लपूनछपून शिकली होती, दर मंगळवारी आणि गुरुवारी, हॉरेस कारखान्यात असताना. गेल्या मंगळवारी ती पास झाली. पास झाल्याचा कागद तिनं कस्टर्ड पावडरच्या डब्यात ठेवला, कारण हॉरेस त्या डब्याच्या वाटेला सात जन्मांत गेला नसता. काल शनिवारी तो कबुतरांच्या क्लबात गेल्यावर तिनं खुंटीवरची जादा किल्ली काढली आणि पहिल्यांदाच एकटीनं गाडी बाहेर काढून बाजारात नेली. बाजाराच्या मागे तीन निळ्या ऑस्टिन उभ्या होत्या. येताना ती इतक्या आनंदात होती, की गाडीला पुढे घोडा जुंपलेला असता तरी तिला दिसला नसता.

हा सगळा खटाटोप जीनसाठी होता. जीन म्हणजे त्यांची एकुलती लेक. ती हिरफर्डला राहायची आणि सहा आठवड्यांनी तिचं पहिलं बाळंतपण होतं. बसनं आणि आगगाडीनं जायचं तर दिवस मोडायचा. हॉरेस न्यायला नाही म्हणत नसे, पण त्याचं न्यायचं म्हणजे कबुतरांच्या शर्यती संपल्यावर, तेल बदलल्यावर आणि आभाळ निवळल्यावर. हिल्डाला फोन आला की निघायचं होतं, त्याच पावली. म्हणून तिनं बेत केला होता, की आणखी चार शनिवार सराव करायचा आणि मग एक दिवस जेवताना तो कागद हॉरेसच्या ताटाशेजारी ठेवून हक्कानं किल्ली मागायची.

आता कसला हक्क? पहिल्याच फेरीत अख्खी गाडी हरवून आलेल्या बाईच्या हातात पुन्हा किल्ली कोण देईल?

तिनं घड्याळ पाहिलं. हॉरेसची रविवारची पद्धत ठरलेली होती. आधी टप, मग काचा, मग दोन्ही कुशी, आणि गाडीचं नाक सगळ्यात शेवटी. नाकाशी यायला त्याला अर्धा तास लागणार होता. तेवढ्यात काहीतरी सुचायला हवं होतं, आणि सुचत तर काहीच नव्हतं. ओव्हनमध्ये मांस चुरचुरत होतं आणि गाजरं होती तिथेच पडून होती.

बाहेर फाटकावर कोपरं टेकून सिरिल हॅकेट येऊन उभा राहिला. समोरच्या घरातला हा शेजारी दर रविवारी हॉरेसची गाडी धुताना बघायला येई. स्वतःची कधी धूत नसे.

"काय हॉरेस, घास लेका घास. रंग गेला की खालचा पत्रा दिसेल, तो तरी नवा निघतो का बघू."

"तुझी धुतली तर खाली काय निघेल ते देव जाणे," हॉरेस टप पुसता पुसता म्हणाला. "आपण गेल्या वर्षी पेरलेले बटाटे निघायचे."

"परवा क्लबात म्हणालास ते खरं का रे? डोळे बांधले तरी आपली गाडी ओळखेन म्हणून?"

"नुसता हात फिरवून ओळखेन."

"असं?"

"असं म्हणजे असंच. सात वर्षं या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

खिडकीमागे हिल्डानं कपाळाला हात लावला. तिला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. परक्याच्या गाडीवरून हा माणूस लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होता आणि वर बढाया मारत होता. उद्या हे सिरिलला कळलं तर परवा क्लबात कळणार, आणि मग मरेपर्यंत हॉरेसला कुणी सुखानं बियर पिऊ देणार नाही. तिला एकाएकी त्याची फार दया आली. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण चारचौघांत त्याचं हसं व्हायला नको होतं. तिनं चहा ओतला, दोन चमचे साखर घातली आणि कप घेऊन ती बाहेर गेली. आत बोलवायचं, दार लावायचं आणि सगळं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

"हॉरेस, जरा आत ये. चहा घे."

"इथंच दे."

"आत ये म्हणते ना."

"हात ओले आहेत, हिल्डा."

तो गाडीच्या मागे उभा होता, रस्त्याच्या बाजूला. कप द्यायला ती तिकडे गेली आणि तिथेच थबकली. डिकीच्या मुठीला हॉरेसनं आपला जुना बनियन अडकवला होता. तो ओला बनियन खाली लोंबत होता आणि मागची नंबराची पाटी त्याच्याआड पुरती झाकली होती. हॉरेस डिकीला कधी काही अडकवत नसे. रंगाला चरा पडेल म्हणून तो हिल्डाला पिशवीसुद्धा तिथे टेकवू देत नसे.

वारा आला. बनियनचं टोक उडालं. सिरिलशी बोलता बोलता, खाली न बघता, हॉरेसनं गुडघा पुढे केला आणि ते टोक दाबून धरलं.

हिल्डानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो चहा पीत होता.

"साखर बरोबर झालीये," तो म्हणाला.

तिला बोलायला सवडच मिळाली नाही, कारण चढावरून एक निळी ऑस्टिन आली आणि फाटकासमोर थांबली. तिच्यातून करड्या कोटातल्या, डोक्यावर चर्चची टोपी घातलेल्या एक उंच बाई उतरल्या. त्यांच्या हातात ट्रँटरांच्या गाडीतला, पत्ता लिहिलेला विम्याचा लिफाफा होता. त्या गाडीचा नंबर चारशे सतरा होता, आणि सिरिल तिच्यापासून दोन हातांवर होता.

"माफ करा," बाई म्हणाल्या, "मला वाटतं काल बाजारात आपली काहीतरी..."

"या, मिस प्लँट, या," हॉरेस मोठ्यानं म्हणाला. "झालीच बघा तुमची गाडी. फक्त नाक राहिलंय."

मिस प्लँटनी बादली पाहिली. मग बनियन पाहिला, हिल्डाचा पडलेला चेहरा पाहिला आणि फाटकावर मान लांब करून उभा असलेला सिरिल पाहिला. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांना पियानो शिकवला होता. कोण काय लपवतंय हे त्यांना सांगावं लागत नसे.

"चाकंसुद्धा धुतलीत? फारच केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"त्यात काय मोठंसं. मागच्या बैठकीवर तुमचं नाव घातलेली गाण्याची पुस्तकं आहेत, ती नीट एका बाजूला ठेवलीत."

सिरिलनं या गाडीकडे पाहिलं, मग त्या गाडीकडे.

"थांब थांब. ही यांची? मग मघापासून हात फिरवून जी ओळखत होतास ती कुणाची?"

"आपली नाही हे हात फिरवल्या फिरवल्या ओळखलं. तू विचारलंस कुठं?" हॉरेसनं कप डिकीवर न ठेवता हिल्डाच्या हातात दिला. "बाईंची गाडी धुऊन द्यायची होती. म्हणून काल हिल्डानं ही इकडे आणली आणि आपली त्यांना वापरायला ठेवली."

"हिल्डानं? चालवत?"

"मग काय, डोक्यावर घेऊन? मंगळवारी पास झाली ती. पहिल्याच खेपेला. तू कितीदा बसला होतास रे, सिरिल? चारदा?"

"तीनदा," सिरिल म्हणाला, आणि जेवायची वेळ झाल्याचं त्याला आठवलं.

मिस प्लँट गेल्या. जाताना त्यांनी पुढच्या रविवारीही गाडी आणू का म्हणून विचारलं, आणि हॉरेसनं चक्क हो म्हटलं. मग गल्लीत तो, हिल्डा आणि त्यांची स्वतःची गाडी, एवढीच राहिली. गाडीला चर्चपर्यंतचा सगळा चिखल लागला होता. हॉरेस नळावरून नवी बादली भरून आला.

"तुला कुणी सांगितलं?" हिल्डानं विचारलं.

"तुझी परीक्षा घेणारा माणूस कबुतरं पाळतो. मंगळवारी संध्याकाळीच म्हणाला, की ट्रँटर, तुझी बायको तुझ्यापेक्षा गाडी बरी वळवते."

"आणि तू पाच दिवस गप्प बसलास?"

"तू तरी कुठं बोललीस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती कपाच्या तळाशी राहिलेल्या साखरेकडे बघत राहिली. आत मांस करपायला लागल्याचा वास सुटला होता, पण तिचा पाय निघेना. हॉरेसनं टपावर पाणी ओतलं, फडकं पिळलं आणि पाठमोरा राहूनच बोलायला लागला.

"जीनकडे जाताना मॉल्व्हर्नचा चढ लागतो. तिथं दुसऱ्या गिअरमध्ये घे. तिसऱ्यात घेतलीस तर ही कण्हते. आणि फोन आला की माझी वाट बघू नको, मी कबुतरांपाशी असेन नाहीतर कामावर."

"तू नाही येणार बरोबर?"

"मी?" तो टप पुसत म्हणाला. "मी शेजारी बसलो तर बाळ शाळेत जायला लागेपर्यंत आपण त्या चढावरच भांडत असू. तू पुढे हो. मी आगगाडीनं येतो."